भिंतीवरची बंदूक आणि मोजपट्टी नसलेली व्याख्या

समजा, गावाकडच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक जुनी ठासणीची बंदूक टांगलेली आहे. पणजोबांच्या काळची. दस्त्याला वाळवी लागलेली, नळीवर गंज, घोडा जागेवर नाही. दसऱ्याला तिला हळद-कुंकू लागतं, बाकी वर्षभर धूळ. प्रश्न एवढाच: ही वस्तू घरात ठेवायला परवाना लागतो का?

घरात विचारलं तर तीन उत्तरं मिळतील. एक काका म्हणतील, "शंभर वर्षांपूर्वीची आहे, तिला कसला परवाना?" दुसरे म्हणतील, "चालतच नाही, म्हणजे ते नुसतं लोखंड." तिसरे म्हणतील, "बंदूक ती बंदूक. उद्याच्या उद्या पोलिसांत जमा करा." गंमत अशी की तिघेही काहीतरी धरून बोलतायत. पहिल्यांनी वय धरलं, दुसऱ्यांनी क्षमता, तिसऱ्यांनी मूळ घडण. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर तिघांनी एकाच संकल्पनेसाठी तीन वेगवेगळे चल निवडले.

या ब्लॉगवर आपण एरवी शोधनिबंधांची चिरफाड करतो. आज कायद्यातल्या एका वाक्याची करू. मी मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करतेय, कायद्याची विद्यार्थिनी नाही. त्यामुळे याला कायदेशीर सल्ला समजू नका. पण 'कार्यात्मक व्याख्या' म्हणजे काय, ती चुकली की काय होतं, हे शिकायला इतकं चांगलं उदाहरण मला पेट-नेटच्या गाईडांत कुठे सापडलं नाही. तिथे व्याख्या चुकली तर दोन मार्क जातात. इथे दोन वर्षं जाऊ शकतात.

वाक्य काय म्हणतं

आपल्याकडचा मुख्य कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, 1959. बातम्यांत आणि पोलिसांच्या कागदांत हाच 'भारतीय हत्यार कायदा' किंवा 'आर्म्स अ‍ॅक्ट' म्हणून येतो. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. कलम 3 सांगतं की बंदूक किंवा दारूगोळा मिळवायला, ताब्यात ठेवायला, बाळगायला परवाना हवा. बंदूक कशाला म्हणायचं? स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या ऊर्जेच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी जी बनवली आहे, ती. लक्षात घ्या, इथे 'बनवली आहे' हा शब्द महत्त्वाचा. आज चालते की नाही, हा प्रश्न या व्याख्येत नाही. म्हणजे तिसरे काका इथवर बरोबर आहेत.

विनापरवाना बंदूक सापडली तर कलम 25 लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला साधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे, वर दंड. खास कारण नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण सुरुवात दोनपासून होते.

आता आपलं वाक्य. कलम 45 म्हणजे 'हा कायदा कुठे लागू नाही' याची यादी. तिच्यातल्या (सी) खंडाचा आशय असा: कालबाह्य घडणीचं, किंवा पुरावस्तू म्हणून मोल असलेलं, किंवा नादुरुस्त असं हत्यार, जे दुरुस्ती करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नाही, ते या कायद्याच्या बाहेर.

एकदा सावकाश वाचा. आता सांगा, 'जे वापरता येण्याजोगं नाही' ही अट कोणाला लागू आहे? तिन्हींना, की फक्त शेवटच्या 'नादुरुस्त'ला?

मूळ इंग्रजी वाक्य दोन्हीकडे वळतं. आणि दोन्ही वाचनांची किंमत मोजावी लागते. अट तिन्हींना लावली, तर 'कालबाह्य' आणि 'पुरावस्तू' हे शब्द जवळजवळ रिकामे होतात. दुरुस्त करूनही न चालणारी बंदूक नादुरुस्त असणारच. मग तिचं वय किंवा मोल विचारायचं कारण काय? उलट, अट फक्त शेवटच्याला लावली, तर पुरावस्तू म्हणून मोल असलेलं एखादं जुनं पण ठणठणीत चालणारं रिव्हॉल्व्हर विनापरवाना कपाटात ठेवता येईल. कायद्याचा हेतू बघता हे पटण्यासारखं नाही. म्हणून शहाण्या माणसाने पहिलं वाचन धरून चालावं. कडक वाचन धरलं तर फार तर एक अर्ज जास्त करावा लागेल; सैल वाचन धरून चुकलो, तर कोर्टाची पायरी.

इथे एक प्रयोग करून बघा. हेच वाक्य स्वतः मराठीत लिहा. मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, त्यामुळे 'दुरुस्त करूनही न चालणारं' हे शब्द कुठे ठेवायचे ते तुम्हाला ठरवावंच लागतं. सगळ्यात आधी ठेवले की अट सगळ्यांना लागते, 'नादुरुस्त'ला चिकटवून ठेवले की फक्त त्याला. भाषांतर करणारा नकळत न्यायनिवाडा करून मोकळा होतो. तुमच्या प्रबंधात इंग्रजी व्याख्या मराठीत आणताना हेच होतं, आणि मार्गदर्शकाच्या नजरेतूनही ते अनेकदा सुटतं.

'कालबाह्य' हा वस्तूचा गुण आहे का?

पहिला शब्द घ्या, कालबाह्य घडण. तोड्याची बंदूक, म्हणजे पेटत्या जामगीने रंजक पेटवणारी, युरोपात मागे पडून चकमकीची बंदूक आली, त्यानंतरही भारतात तोड्याच्या बंदुका बराच काळ बनत आणि वापरल्या जात होत्या. मग ती कालबाह्य कधी झाली? लंडनच्या हिशोबाने की साताऱ्याच्या?

त्याहून जवळचं उदाहरण कोकणात आहे. ठासणीची बंदूक तंत्र म्हणून एकोणिसाव्या शतकातच मागे पडली. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी तिचे परवाने आजही लोकांकडे आहेत. रानडुकरं आणि माकडं भातात शिरतात तेव्हा 'ही घडण कालबाह्य आहे' हे कोणी त्यांना सांगत नाही. निवडणूक आली की या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लागतात, कारण प्रशासनाच्या दृष्टीने ती जिवंत बंदूक आहे. आणि तीच घडण शहरातल्या हॉटेलच्या भिंतीवर 'अँटिक' म्हणून दिसते.

म्हणजे 'कालबाह्य' हा शब्द वस्तूबद्दल बोलतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो वस्तू आणि समाज यांच्या नात्याबद्दल बोलतो. असे शब्द व्याख्येत चालतात. अट एकच: कुठल्या ठिकाणी आणि कुठल्या तारखेला, हे लिहायला हवं. इथे ते लिहिलेलं नाही.

'दुरुस्त करूनही नाही' कसं तपासणार?

आता माझ्या विषयात येते. वरच्या बंदुकीचा घोडा गेलाय, चाप अडकलाय. घरच्यांना वाटतं, संपलं, ही आता चालणार नाही. पण चाप आणि घोड्याचं काम काय? विस्तव योग्य वेळी बारापर्यंत पोचवणं. गोळीला वेग मिळतो तो नळीतल्या बंदिस्त दाबामुळे. म्हणून धातूच्या बाजूने बघितलं तर प्रश्न नळीचा आहे: तिची भिंत किती शाबूत आहे, मागचं तोंड घट्ट बंद आहे का, गंज वरवरचा आहे की आत खड्डे पडलेत. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीकडे बघून यातलं काहीच कळत नाही. बाहेरून तांबूस, खडबडीत दिसणारी नळी आतून बरी असू शकते. बाहेरून तेल लावून चकचकीत ठेवलेल्या नळीत, जुन्या दारूचे क्षार ओलावा धरून बसल्याने, आत गंजाने खाल्लेले खड्डे असू शकतात. जुन्या भारतीय नळ्यांपैकी अनेक लोखंडी पट्ट्या तापवून, गुंडाळून, ठोकून जोडलेल्या आहेत. त्या जोडात भेग आहे का, हे क्ष-किरण किंवा तत्सम तपासणीशिवाय सांगणं अवघड.

बरं, तपासलं. भेग निघाली. आता 'दुरुस्ती' म्हणजे किती दुरुस्ती? गावातला लोहार करू शकेल ती, की एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवर होईल ती? खर्च किती धरायचा? नळीच बदलली तर ती दुरुस्ती, की नवीन बंदूक? गोधडीला ठिगळं लावत गेलं की एक दिवस मूळ कापडच उरत नाही. तरी घरातले तिला आजीचीच गोधडी म्हणतात. कायद्याच्या वाक्यात मर्यादा नाही. पुरेसा पैसा आणि पुरेसं कौशल्य दिलं तर तत्त्वतः काहीही दुरुस्त होतं. मग 'दुरुस्त करूनही वापरता न येणारं' या वर्गात शेवटी काय उरणार?

आणखी एक टोक. एक बार उडेल, पण नळी फुटून उडवणाऱ्याचाच हात जाईल, अशी बंदूक 'वापरता येण्याजोगी' धरायची का? नुसता बार निघणं मोजलं तर हो. सुरक्षितपणे निघणं मोजलं तर नाही. दोन तज्ज्ञ, दोन प्रामाणिक अहवाल, दोन उलट निष्कर्ष. दोन निरीक्षकांनी एकच वस्तू मोजून वेगळं उत्तर दिलं तर आपण काय म्हणतो? साधनाची विश्वसनीयता कमी.

दुसरीकडे काय केलंय

अमेरिकेने वय धरलं. तिथल्या 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक', आणि ती त्या कायद्याच्या बहुतेक बंधनांतून बाहेर. राज्यांचे नियम वेगळे, पण संघीय रेघ स्वच्छ आहे. सन बघायचा, संपलं. विश्वसनीयता जवळजवळ पूर्ण. पण सप्रमाणता? कोल्ट कंपनीचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर 1873 पासून बनत आलंय. 1898 च्या शेवटी बनलेलं आणि 1899 च्या सुरुवातीला बनलेलं, दोन्ही सारखीच धोकादायक. एक पुरावस्तू, दुसरं बंदूक. मोजणी अचूक, पण मोजलं भलतंच.

ब्रिटनने आधी व्याख्याच केली नाही. 1968 च्या तिथल्या कायद्यात कलम 58(2) ने 'कुतूहलाची वस्तू किंवा शोभेची वस्तू' म्हणून ठेवलेल्या पुरातन बंदुकीला सूट दिली, पण पुरातन म्हणजे काय ते लिहिलं नाही. ते न्यायालयावर आणि गृहखात्याच्या मार्गदर्शक सूचनांवर सोडलं. कित्येक दशकं असंच चाललं. मग गुन्हेगारांच्या लक्षात आलं की जुनी रिव्हॉल्व्हरं कायद्याने विकत घेता येतात आणि त्यांना चालतील अशी काडतुसं कोणीतरी बनवून देतं. 2015 मध्ये तिथल्या विधी आयोगाने या त्रुटीवर बोट ठेवलं, 2017 च्या कायद्यात व्याख्येची तरतूद झाली आणि 2021 मध्ये नियम आले. आता बंदूक 1 सप्टेंबर 1939 च्या आधी बनलेली हवी, आणि एकतर तिची पेटवण्याची पद्धत ठरावीक जुन्या प्रकारची हवी, किंवा तिचं काडतूस कालबाह्य काडतुसांच्या यादीतलं हवं. शिवाय ती शोभेसाठी किंवा कुतूहलाची वस्तू म्हणूनच ठेवलेली हवी. गुन्ह्यांत वारंवार दिसणारी सात प्रकारची काडतुसं सूचनांतल्या जुन्या यादीतून वगळण्यात आली. ज्यांच्याकडे त्या काडतुसांची रिव्हॉल्व्हरं होती, ते संग्राहक काही न करता परवान्याच्या कक्षेत आले.

ब्रिटनची यादी दिसायला किचकट, पण मला ती तिघांत सर्वात प्रामाणिक वाटते. कारण ती मान्य करते की 'कालबाह्य' हे बदलतं, आणि बदललं की यादी बदलायची. 'काडतूस मिळतं का' हा प्रश्न धोक्याच्या जवळचा आहे आणि तपासता येण्याजोगाही.

भारताने क्षमता धरली. इथे माझं मत स्पष्ट सांगते: तिघांत चल आपणच सर्वात बरोबर निवडला. बंदूक धोकादायक आहे ती जुनी-नवी असल्यामुळे नव्हे, ती उडू शकते म्हणून. पण चल बरोबर निवडून मोजपट्टी दिली नाही. अमेरिकेने चुकीची गोष्ट काटेकोर मोजली, आपण बरोबर गोष्ट मोजलीच नाही. तुमच्या सिनॉप्सिसवर तज्ज्ञ समिती जे दोन आक्षेप घेते ते हेच. पहिला: 'तुम्ही जे मोजताय ते तुमच्या संकल्पनेचं माप आहे का?' दुसरा: 'हे मोजणार कसं?'

एकाच वस्तूला चार लेबलं

बंदुकीची अडचण इथे संपत नाही. तिच्याकडे बघणारे नियम आणखी आहेत, आणि प्रत्येकाचा चष्मा वेगळा.

1972 चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा म्हणतो, ऐतिहासिक महत्त्वाची किंवा कारागिरीची वस्तू शंभर वर्षं जुनी असेल तर ती पुरावस्तू. ही सरकती खिडकी आहे: दरवर्षी आणखी एका सनातल्या वस्तू आत येतात. अमेरिकेचं 1898 मात्र खिळा ठोकल्यासारखं तिथेच. या फरकातून एक विचित्र प्रसंग तयार होतो. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला पणजोबांची बंदूक सोबत न्यायची आहे. अमेरिकेचा संघीय कायदा तिला निरुपद्रवी अँटिक मानेल, पण आपला 1972 चा कायदा खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेऊ देणार नाही. तिकडे जी जुनी म्हणून मोकळी, तीच इकडे जुनी म्हणून अडकलेली.

मग 2019 ची दुरुस्ती. एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि वारसाहक्काने परवाना देतानाही ती ओलांडायची नाही असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे वाडवडिलांच्या परवान्याच्या तीन बंदुका एका वारसाकडे एकत्र राहू शकत नाहीत.

आणि फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने नियम बदलले: 'क्युरिओ' गटातली छोटी शस्त्रं घ्यायला आणि ठेवायला भारतीय नागरिकाला परवाना नको, पण ती वापरायला, बाळगून फिरायला किंवा वाहून न्यायला परवाना हवा. परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यांच्यासाठी दारूगोळा मिळणार नाही. हेतू चांगला आहे. संग्राहकांना दिलासा आणि दारूगोळ्यावर पकड, हा विचार योग्यच. पण घरांची रीत बघा. गावचं घर विकलं जातं, भाऊ वाटणी करतात, वस्तू पुण्याला किंवा ठाण्याला येतात. ठेवायला परवाना नाही, पण गावाहून पुण्याला आणायला हवा! वारसा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो तो गाडीच्या डिकीतूनच, आणि नेमका तोच प्रवास या सवलतीच्या बाहेर राहिला.

तर आता भिंतीवरची ती एक वस्तू: एका कलमाने बंदूक, दुसऱ्याने कदाचित काहीच नाही, तिसऱ्या कायद्याने पुरावस्तू, चौथ्या नियमाने कदाचित क्युरिओ. मांडायचं म्हटलं तर परवान्याच्या बंदुकीची अट आणखी निराळी. ती सुरक्षित ठेवीन असं परवानाधारक लिहून देतो. पाहुण्यांच्या हाताशी येईल अशी खिळ्याला टांगणं त्यात बसणं कठीण. शोभेची वस्तू म्हणून मांडायची तर आधी ती बंदूक नाही हे ठरायला हवं. पुन्हा तोच प्रश्न.

चूक झाली तर कोणाची?

संख्याशास्त्रात आपण दोन प्रकारच्या चुका शिकतो. 'ही वस्तू निरुपद्रवी आहे' ही शून्य परिकल्पना धरा. खरंच निरुपद्रवी वस्तूला बंदूक ठरवलं, ही पहिल्या प्रकारची चूक. चालू शकणाऱ्या बंदुकीला शोभेची वस्तू ठरवलं, ही दुसऱ्या प्रकारची. कायदा दुसऱ्या चुकीला जास्त घाबरतो आणि ते बरोबरच आहे. त्या चुकीत कोणाचा तरी जीव जातो. मला त्यावर आक्षेप नाही.

आक्षेप इथे आहे: पहिल्या चुकीची किंमत कोण देतो, आणि केव्हा? अपवादात आपण बसतो हे दाखवण्याचा भार साधारणपणे अपवाद मागणाऱ्यावर असतो. तपासणी होते ती बहुतेक वेळा वस्तू जप्त झाल्यावर, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. कोणी म्हणेल, कलम 39 प्रमाणे कलम 3 च्या गुन्ह्यात खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, ती चाळणी आहेच की. आहे. पण ती चाळणी जप्तीनंतरची आहे. माणसाला आधी, घरी बसून, 'माझ्याकडची वस्तू कुठल्या बाजूला?' हे कळण्याची सोय वाक्यात नाही.

याचा परिणाम फक्त माणसांवर होत नाही, पुराव्यावरही होतो. नको ती कटकट म्हणून कोणी ती भंगारात घालतो, कोणी नदीत टाकतो, कोणी नळीत वेल्डिंग करून घेतो. जुन्या काळी शत्रूच्या हाती तोफ पडू नये म्हणून तिच्या कानात मेख ठोकत. आपण आपल्याच इतिहासाच्या कानात ठोकतोय. जुन्या नळीत पट्टी कशी वळवली, लोखंड कुठल्या प्रतीचं होतं, त्यात मळी किती राहिली, नळी आतून कशी झिजली, हे सगळं वाचता येतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागची धातूची मूळ रचना बदलते, आणि ती परत आणता येत नाही.

इथे खरा पेच आहे आणि तो लपवू नये. जतनशास्त्र म्हणतं, वस्तूवर जे काही कराल ते उलटवता आलं पाहिजे. शस्त्र कायद्याला नेमकं उलट हवं: जे केलं ते उलटवता येता कामा नये. दोन्ही मागण्या आपापल्या जागी रास्त. ब्रिटनमध्ये 1988 पासून निष्क्रिय केलेल्या बंदुकीवर अधिकृत संस्थेचा छाप आणि सोबत प्रमाणपत्र, अशी पद्धत आहे. म्हणजे 'निष्क्रिय'ला तिथे मोजपट्टी मिळाली, जरी त्यात वस्तूचं नुकसान होतं. आपल्याकडे निदान एवढं व्हावं: जप्तीची वाट न बघता मालकाने स्वतः वस्तू तपासायला द्यावी, वस्तू न कापता तपासणी व्हावी, 'दुरुस्ती' म्हणजे कुठवर ते नियमात लिहिलेलं असावं, आणि मग लेखी दाखला मिळावा. 45(सी) मधला एकही शब्द न बदलता, नियम करून हे साधता येण्यासारखं आहे.

तोवर कोणाच्या घरी अशी वस्तू असेल, तर तीन साध्या गोष्टी. एक, ती भरलेली आहे असं समजूनच वागा. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो, म्हणून फोटोसाठी उचलून कोणावर रोखू नका, स्वतः साफ करायला बसू नका. दोन, तिच्यासोबत जुनी काडतुसं किंवा दारू असेल तर ती वेगळी बाब समजा. 45(सी) हत्याराबद्दल बोलतं, काडतुसाबद्दल नाही. तीन, स्वतः गाडीत टाकून कुठे नेऊ नका. वकिलाशी बोलून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा शहरात पोलीस आयुक्त, लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता तुमच्या विषयाकडे. तुम्ही बंदुकांवर संशोधन करणार नाही, पण 'ग्रामीण', 'कुपोषित', 'दुर्मीळ प्रजाती', 'प्रदूषित पाणी', 'स्थलांतरित' असा एखादा शब्द तुमच्या शीर्षकात नक्की असेल. त्याला हे प्रश्न विचारा.

मी नेमका कुठला चल धरलाय: वय, घडण, क्षमता की वापर? आणि तोच का?

तो मोजायचा कोणी, कशाने, आणि दुसऱ्या कोणी मोजला तर तेच उत्तर येईल का?

माझ्या व्याख्येत 'दुरुस्त करूनही नाही' यासारखी, ज्याला टोकच नाही अशी एखादी अट लपली आहे का? 'योग्य त्या परिस्थितीत', 'पुरेशा प्रमाणात', 'गरजेनुसार' हे शब्द शोधा. सापडले की तिथे आकडा, तारीख किंवा यादी लिहा. लिहिता येत नसेल तर का येत नाही, ते लिहा.

आणि चौथा प्रश्न, जो पद्धतीशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच असतो: माझ्या व्याख्येने चुकीचं वर्गीकरण केलं, तर भुर्दंड कोणाला पडेल? दारिद्र्यरेषेची व्याख्या चुकली तर रेशनकार्ड कोणाचं जातं, आजाराच्या निकषात एक अंक सरकला तर औषध कोणाला नाकारलं जातं, ते त्या माणसाच्या जागी बसून एकदा वाचा. व्याख्या लिहिणारा आणि व्याख्येखाली येणारा हे सहसा एक नसतात. तुम्ही लिहिणाऱ्यांच्या बाजूला जाताय. मोजपट्टी देणं हे तुमचं काम आहे. ती समोरच्याने स्वतः शोधून आणावी अशी अपेक्षा करू नका.